चावीच्या वाटेतली अक्षत

आमच्या नवागामच्या गल्लीत तोवर काय काय शिरलं नव्हतं? पावसाळ्यात खाडीचं पाणी शिरलं होतं. प्लेगच्या साली तोंडाला फडकी बांधलेली माणसं चुन्याची घमेली घेऊन शिरली होती. एकदा तर वाट चुकलेला उंट शिरला आणि मागे वळता येईना म्हणून दिवसभर समोरच्या सुभद्राबाईंच्या ओट्याशी रवंथ करत उभा राहिला. पण चारचाकी मोटार कधी शिरली नव्हती. ती त्या रविवारी शिरली. पांढरी फियाट. डोक्यावर भरली घागर घेतलेल्या बाईनं चालावं तशी, न हिंदकळता, दोन्हीकडच्या ओट्यांना अंग चोरत आली आणि निंबाआप्पांच्या दारात थांबली.

आप्पांच्या पोरीला, योगिताला, पाहायला आले होते.

गाडीतून दोघे उतरले. पहिले रघुनाथमामा, उधन्याचे. अंगात सफारी, तोंडात पान, आणि बोलण्याला ब्रेक नाही. दुसरा त्यांचा भाचा गजेंद्र. गाडी त्यानंच चालवत आणली होती. उतरला, दार हळूच लावलं, रुमालानं आरशावरची धूळ टिपली आणि मामांच्या मागे उभा राहिला. उंच, सावळा, कानाशी केसांना तेल जरा जास्त झालेलं.

आत योगिता आरीच्या चौकटीवर वाकून बसली होती. आरी म्हणजे टोकाशी इवलासा आकडा असलेली सुई. वरून टोचायची आणि खालचा जरीचा धागा त्या आकड्यात पकडून वर ओढायचा. साडीच्या पदरावर मोर काढता काढता तिनं पडद्याच्या फटीतून पोरगा पाहिला. दिसायला बरा होता. पण दिसण्याचं तिचं काही म्हणणंच नव्हतं. तिचं म्हणणं एकच, आणि ते तिनं आईला सकाळीच ऐकवलं होतं.

"माय, मला त्याचा आवाज ऐकू दे. बाकी काही नको."

त्याला कारण होतं. मोठ्या बहिणीला, हर्षदाला, पाहायला आलेला पोरगा असाच गप्प बसला होता. सगळ्यांनी म्हटलं, किती शांत! लग्नानंतर कळलं की त्याच्या वाटचं सगळं त्याची आईच बोलते. भाजीत मीठ कमी पडलं तरी ती सांगते, "त्याला अळणी लागलं." हर्षदा माहेरी आली की हसत हसत सांगायची, आणि सांगता सांगता मध्येच पाणी प्यायला उठून जायची. योगिताला ते उठून जाणं विसरता येत नव्हतं.

तर आवाज. एवढंच.

बैठक भरली. पोह्यांऐवजी योगिताच्या आईनं, मंगलाबाईंनी, कोपऱ्यावरून गरम लोचो, म्हणजे वाटलेल्या हरभरा डाळीचा वाफवलेला मऊ लगदा, आणवला होता, वर तेल आणि शेव. निंबाआप्पा समोर बसले. आप्पा लूमचे मास्तर, बिघडलेला यंत्रमाग दुरुस्त करणारे. खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळे ऐकायला कमी यायचं आणि बोलणं ओरडून.

"काय करता?" आप्पांनी गजेंद्रला विचारलं. शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं.

"कापडाच्या लाइनीत आहे," मामा म्हणाले. "रिंग रोडच्या मार्केटात रोजचं जाणं-येणं. बाहेर गाडी बघितली ना? स्वतःची!"

गजेंद्रनं मान वर केली. मामांकडे पाहिलं. तोंड उघडलं.

"खा, खा, गार होईल," म्हणत मामांनी त्यात लोचोचा घास घातला.

"जेवणात काय आवडतं?" मंगलाबाई.

"त्याला काहीही चालतं," मामा.

"आवड काही? गाणं, भजन?"

"घरात असला की असतो, बाहेर असला की नसतो!" मामा स्वतःच्याच बोलण्यावर हसले. पान सांभाळत हसले, म्हणून हसणं जरा तिरपं झालं.

योगितानं चहा आणला. ती सरळ गजेंद्रसमोर थांबली. "साखर बरोबर आहे?"

गजेंद्रनं घोट घेतला. योगिता वाट बघत राहिली. एक शब्द. 'हो' नाही तर 'नाही'. 'जास्त' म्हणाला तरी चाललं असतं.

"गोडच लागणार!" मामा म्हणाले. "तुमच्या हातचा आहे!"

योगिता ट्रे घेऊन आत आली आणि चौकटीशी बसली. मंगलाबाई मागोमाग आल्या.

"काय व? कसा वाटला?"

"नाही, माय."

"आई व! काय वाईट आहे त्याच्यात?"

"मुका आहे की काय तेही कळलं नाही."

"मुका कसा असंल? असता तर मामा बोलला नसता का?"

"मामाच बोलतो ना सगळं. मामाशी लग्न करू का?"

मंगलाबाईंनी कपाळाला हात लावला. पण पोरीनं नाही म्हटलं म्हणून दारी आलेल्याचा मान चुकत नाही. आमच्याकडे जे काही पहिल्यांदा दारात येईल त्याला हळदकुंकू लागतं. नवी गाय आली, कुंकू. बैल आला, कुंकू. गल्लीतली पोरं सांगतात की मंगलाबाईंनी एकदा नव्या शिलाई मशीनला ओवाळताना पाय समजून तिच्या पायडलवर पाणी घातलं होतं. मग ही तर चार चाकांची, तीही होऊ घातलेल्या जावयाची. पोरीचं 'नाही' अजून घरातच होतं, गल्लीत गेलं नव्हतं.

"पाच जणी व्हा गं!" मंगलाबाईंची हाक गेली. पाच म्हणता सतरा जणी झाल्या.

सुभद्राबाई पुढे आल्या. गल्लीत बारसं असो की बोळवण, गाणं त्यांच्याच तोंडून फुटायचं. जागच्या जागी जोडायच्या, आणि एकदा म्हटलेलं दुसऱ्यांदा तसंच कधी यायचं नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर हात फिरवला आणि सूर धरला:

*गाडी आली दारी बाई, पांढरी गं हंसावाणी*
*कपाळ कुठं हिचं, कुंकू लावू सांगा कोणी*

कपाळ म्हणजे बॉनेट, यावर एकमत झालं. तिथं कुंकवाचा हा मोठा टिळा लागला. चार चाकांना हळद लागली, त्यांच्यावर पाणी पडलं. दोन दिवे म्हणजे डोळे, म्हणून त्यांना काजळाचं बोट. मग मंगलाबाई थांबल्या. ताटात ओली हळद उरली होती, कुंकवात भिजलेल्या अक्षता उरल्या होत्या.

"आणि हिचा जीव कुठं असतो हो?"

"चावी फिरते तिथं!" आप्पा ओट्यावरून गरजले.

गजेंद्र चमकून पुढे झाला. हात वर केला, तोंडही उघडलं. पण मामांनी त्याचा हात खाली ओढला. "करू दे रे. आपलीच तर गाडी!"

मंगलाबाईंनी दारातून आत वाकून स्टेअरिंगच्या मानेवरचं ते बारीक भोक शोधलं. जिवाला कुंकू लावायचं म्हणजे वरवर लावून कसं चालेल? आधी हळद भरली, मग कुंकू, मग अक्षता, आणि अंगठ्यानं दाबून चांगलं बसवलं. वरून फुंकर घातली. डोळे मिटून हात जोडले.

"बरी राहा गं बाई," त्या गाडीला म्हणाल्या.

पाहुणे निघाले. हातात नारळ, "कळवतो", "कळवा". मामा ऐटीत पुढच्या बाकावर बसले. गजेंद्रनं रुमालाच्या टोकानं भोक पुसलं आणि चावी घातली. अर्धी गेली. जोर दिला, सगळी गेली. फिरवली. फिरेना. स्टेअरिंग इकडे तिकडे हलवून पाहिलं. फिरेना. चावी बाहेर काढली तर ती नवरदेवासारखी पिवळीधमक होऊन आली. पुसली, परत घातली. ढिम्म नाही.

"काय व्हयनं?" सुभद्राबाईंनी खिडकीतून डोकं घातलं.

गजेंद्र बोलणार तोच मामा म्हणाले, "काही नाही, गाडी गरम झाली."

"उभी असून?"

"उभी राहूनच होते!" म्हणत मामा सरकले. "दे इकडे." आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंगला असा हिसका दिला की आत कुठेतरी खट्ट झालं आणि स्टेअरिंगचं चाकही जागच्या जागी अडकलं. आता ना चावी फिरे, ना चाक.

गल्लीला दुसरं काय हवं होतं? जो तो वैद्य झाला. एकानं सांगितलं, तेल ओता. एक म्हणाला, गोडं की खोबऱ्याचं? कुणी म्हणे उतरून परत चढा, कधी कधी तेवढ्यानंही होतं. मामा उतरले ते परत चढलेच नाहीत. चौघांनी मागून धक्का दिला तर पुढची चाकं तिरकी अडकलेली, गाडी सरळ सुभद्राबाईंच्या ओट्याकडे निघाली. सुभद्राबाई ओरडल्या, "अरे, आधी उंट, आता ही! माझाच ओटा गोड लागतो का सगळ्यांना?"

पलीकडे दूधवाल्याची सायकल अडली, तिच्यामागे हातगाडी, तिच्यामागे शेळ्या. घंटी, हाका, बें-बें. लहान पोरांनी बॉनेटवरचं कुंकू कपाळाला लावून घेतलं. एक कोंबडी टपावर चढली आणि उतरायला तयार होईना. आणि सुभद्राबाई ओटा राखत राखत, कमरेवर हात ठेवून:

*चावी गेली आत बाई, आत जाऊन रुसली*
*घाई जावयाला भारी, तिनं कडीच घातली*

"जावई" ऐकून आत योगितानं कानावर हात ठेवले. पण दारात येऊन उभी राहिलीच. असा तमाशा चाललेला असताना घरात कोण बसेल?

तेवढ्यात निंबाआप्पा त्यांची अवजारांची पेटी घेऊन आले. त्यातून हातोडी काढली, मनगटाएवढा पेचकस काढला.

"सोपं आहे!" आप्पा गरजले. "कुलूप तोडायचं, आतल्या तारा जोडायच्या! लूमची मोटर मी अशीच चालू करतो! तोडू का, पाहुणे?"

सगळी गल्ली मामांकडे पाहू लागली. मामांच्या कपाळावर घाम आला. पान गिळावं की थुंकावं कळेना. नाही म्हणावं तर का नाही? स्वतःचीच तर गाडी! कुलपासारख्या कुलपाला जीव लावणारा गाडीवाला असतो का?

"तो..." मामा म्हणाले. "तोडा की! आपलीच आहे. उद्या नवं बसवू!"

आप्पांनी उघड्या दारातून वाकून पेचकस भोकाला लावला. हातोडी उचलली.

"तोडू नका!"

कोंबडी टपावरून उडाली. आवाज कुणाचा ते आधी कळेना, कारण तो कुणी ऐकलेलाच नव्हता. जाडसर, खरबरीत आणि थेट पोटातून आलेला. गजेंद्र भोक आणि हातोडी यांच्यामध्ये दोन्ही हात पसरून आडवा झाला होता.

"तोडू नका, आप्पा. गाडी मनी नही. मामानी बी नही. शेठनी शे. मी डायवर शे."

घरात, आईजवळ, भावाबहिणीत बोलतात त्या बोलीत बोलला. बैठकीत बोलायचं म्हणून मामांनी सकाळपासून जी शुद्ध भाषा त्याला घोकायला लावली होती, तिचा एक शब्द त्यात नव्हता.

सगळी गल्ली मामांकडे वळली. शेळ्यासुद्धा.

"अरे, तुझ्या भल्यासाठीच..." मामांनी सुरुवात केली.

"मामा, माले बोलता येस," गजेंद्र म्हणाला. रागानं नाही, जरा थकून. मग आप्पांकडे वळला. "दिवेलागणीला शेठाणीला स्टेशनवरून आणायचं आहे. गाडी मी शेठला विचारून आणली, मुलगी पाहायला नेतो असं सांगून. स्वतःची म्हणून मिरवायला नाही. कुलूप तुटलं तर उद्यापासून मला गाडीही नाही आणि नोकरीही नाही. मी आत आल्या आल्याच सांगणार होतो."

मंगलाबाई रिकाम्या ताटाकडे पाहत राहिल्या. "म्हणजे... आम्ही शेठच्या गाडीला...?"

"सतरा जणींनी!" कुणीतरी मागून म्हणालं.

"चाकांना पाणी घातलं व मी!"

"मग काय बिघडलं?" सुभद्राबाई म्हणाल्या. "शेठाणीचं कुंकू पक्कं झालं. बसल्या जागी!"

आणि दारातून हसू फुटलं. योगिताचं. पदर तोंडात घातला तरी बोटांमधून, नाकातून, डोळ्यांतून बाहेर यायला लागलं. तिच्या मागून मंगलाबाई, मग सुभद्राबाई, मग सगळी गल्ली. आप्पांना अर्धं ऐकू आलं नव्हतं, तरी ते हसले. शेवटी मामाही हसले, आणि तेव्हा त्यांचं पान पडलं.

हसणं ओसरायच्या आत योगिता घरात गेली आणि चौकटीवरची आरी घेऊन बाहेर आली. गर्दी दुभंगली. ती गाडीपाशी आली.

"सरका," ती गजेंद्रला म्हणाली.

"काय?"

"आत तांदूळ आहे ना? तोडायचं कशाला? ओढून काढू. सरका."

तो सरकला. ती सरळ स्टेअरिंगसमोरच्या जागेवर बसली. बाईमाणूस, जिला पाहायला आले ती पोरगी, सगळ्या गल्लीदेखत मोटारीत! मंगलाबाई "अगं, अगं" करेपर्यंत ती भोकावर वाकलीही होती. गजेंद्र पलीकडून फिरून येऊन तिच्या शेजारी बसला. खिडकीखिडकीतून डोकी आत आली.

"डावीकडून घाल!"

"उजवीकडून!"

"फुंक मार आधी!"

गजेंद्रनं एक खिडकी फिरवून वर केली. मग दुसरी. मग वाकून मागच्या दोन. बाहेरची तोंडं हलत राहिली, आवाज मावळला. काचेला नाकं चिकटली.

पहिल्यांदाच दोघं एकटी होती. चाळीस माणसांच्या मधोमध.

योगितानं आरीचं टोक भोकात सोडलं. हाताला कळत होतं, कुठं पितळ, कुठं हळदीची वाळलेली माती.

"बोलता येतं म्हणजे तुम्हाला," ती डोळे न उचलता म्हणाली.

"येतं. मामा असला की नंबर लागत नाही."

"मघाशी का नाही बोललात?"

"तोंड उघडलं होतं. त्यात लोचो आला."

आरी घसरली. योगितानं खालचा ओठ दाबून धरला आणि परत टोक नेमक्या जागी नेलं.

"हसवू नका. हात हलतो."

"बरं."

तो गप्प बसला. ती वाट बघायला लागली. मग तिलाच ते सहन होईना.

"गप्प बसा असंही नाही म्हटलं."

"बरं," तो म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात हसू होतं. "चहात साखर जास्त होती."

योगितानं मान वर केली. "जास्त?"

"चमचाभर."

"मग पिऊन टाकलात ते?"

"तुम्ही समोर उभ्या होतात."

तिनं परत मान खाली घातली. भोक तेच होतं, पण आता जरा वेळ दिसेना.

"घरी कोण बोलतं तुमच्या वाटचं?" हा तिचा खरा प्रश्न होता. सहज विचारल्यासारखा विचारला, तरी आरी जागच्या जागी थांबली.

"कोणी नाही. शेठच्या गॅरेजवर एक खोली आहे, तिथं एकटा राहतो. मामा सणावारी येतात. एरवी मी गाडीशी बोलतो."

"काय बोलता?"

"थंडीत सकाळी चालू होत नाही. मग म्हणतो, चल व माय, ऊठ व माय, आज एवढी वेळ ऐक."

"ऐकते?"

"हळू आवाजात सांगितलं तर."

आरीच्या आकड्यात काहीतरी आलं. योगिता श्वास रोखून हळूहळू ओढू लागली. पदरावरच्या मोराचा धागा ओढावा तसं, न तुटता, न सुटता. हळदीचा चुरा आला, कुंकवाचा खडा आला, आणि त्यांच्यामागून, शेपटी धरून ओढल्यासारखा, लालचुटुक तांदळाचा एक दाणा. अख्खा.

तिनं आरी वर धरली. काचेबाहेर कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

गजेंद्रनं चावी पुसून तिच्या हातात दिली. "घाला."

चावी लोण्यात शिरावी तशी शिरली. पण फिरेना.

"मामांनी चाक अडकवलं आहे," गजेंद्र म्हणाला. "चाक जरा सैल धरून इकडे तिकडे हलवायचं आणि त्याच वेळी चावी फिरवायची. मी चाक हलवतो. तुम्ही चावी धरा."

दोन्ही हात त्याचेच पुरले असते. रोज सकाळी तो एकटाच तर करायचा. पण तसं तो म्हणाला नाही आणि तिनंही विचारलं नाही. त्यानं स्टेअरिंग धरलं, तिनं चावी. चाक जरासं डावीकडे. नाही. उजवीकडे. नाही. बाहेर सुभद्राबाईंना त्यांची हलणारी मनगटं दिसली आणि जात्याचा एकच खुंटा धरून दळणाऱ्या दोघी आठवल्या. काचेतून सूर झिरपत आत आला:

*एक हात तुझा राहू दे, एक हात माझा गं*
*एकटीच्या हातानं कुठं फिरे खुंटा राजा गं*

"जोर नाही," गजेंद्र हळू म्हणाला. "तिला सांगितल्यासारखं करा."

"चल व माय," योगिता म्हणाली.

खट्ट.

चाक सुटलं, चावी फिरली, आणि फिरली ती शेवटपर्यंत फिरली. धक्क्यानं ओट्याकडे निघालेली गाडी थांबवायला घातलेला गिअर काढायचा राहिला आहे हे गजेंद्रच्या ध्यानात नव्हतं. फियाटनं गोऱ्ह्यासारखी उडी घेतली. काचेवरची नाकं मागे झाली, दूधवाल्यानं सायकलसकट शेळ्यांत आसरा घेतला, सुभद्राबाईंनी "ओटा! ओटा!" केलं, आणि गाडी ओट्यापासून वीतभर अंतरावर थबकून बंद पडली.

"पोरीनं गाडी चालवली!" आप्पा गरजले. "मंगला, पाहिलं का? आपल्या पोरीनं मोटार चालवली!"

गाडीत दोघं एकमेकांकडे पाहत होती आणि हसू इतकं आलं होतं की आवाजच निघत नव्हता. योगिताच्या डोळ्यांतून पाणी. तिनं स्टेअरिंगवर कपाळ टेकलं तर हॉर्न वाजला, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

यावेळी त्यानं गिअर काढला. तिनंच चावी फिरवली. इंजिन लागलं, घुरघुरलं, स्थिर झालं. ती उतरली. तो तिच्या जागेवर आला. मामा मागच्या बाकावर जाऊन बसले, आपणहून, आणि तोंड मिटून.

गजेंद्रनं काच खाली केली. स्टेअरिंगच्या मानेवर अजून लाल-पिवळा डाग होता, बॉनेटवर टिळा, दिव्यांना काजळ.

"हे पुसून घेतो," तो म्हणाला. "शेठ विचारतील."

"पुसू नका."

"मग काय सांगू?"

"खरं सांगा. बोलता येतं ना?"

"येतं. पण खरं काय ते तुम्ही अजून सांगितलं नाही." तो थांबला. मागे मामांनी घसा साफ केला, गजेंद्रनं आरशात पाहिलं, मामांनी आलेला शब्द परत गिळला. "माझं सगळं सांगून झालं, योगिताबाई. शेठची गाडी, गॅरेजवरची खोली, चहात साखर कमी. एवढंच आहे. तुम्हाला चालेल का, ते मीच विचारतो. दुसऱ्या कुणाला विचारायला सांगत नाही."

सगळी गल्ली कान देऊन उभी. मंगलाबाईंच्या हातातलं ताट तिरकं झालं होतं. आप्पा शेजारच्याला विचारत होते, "काय म्हणतो? काय म्हणतो?" आणि शेजारचा त्यांना गप्प बसवत होता.

योगिता खिडकीशी वाकली. त्याच्या कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तिनं दिवसभर आवाजाची वाट पाहिली होती. आपला आवाज लपवणं तिला बरं दिसलं नाही.

"शेठला सांगा, कुंकू लावलं ते सासुरवाडीनं," ती म्हणाली. शेजारच्या तिन्ही घरांना ऐकू गेलं. आप्पांनासुद्धा.

मग जो कल्ला झाला तो सांगण्यासारखा नाही. गाडी मागे मागे जात गल्लीबाहेर निघाली तेव्हा पोरं टपावर थापा मारत होती, मंगलाबाई एका हातानं डोळे पुसत आणि दुसऱ्यानं सगळ्यांना साखर वाटत होत्या. योगिताच्या हातात आरी तशीच होती, टोकाला तो लाल दाणा. जपून ठेवावा असं तिच्या मनात आलंच होतं. एवढ्यात टपावरून उडालेली ती कोंबडी ओट्यावर आली, मान तिरकी केली, आणि चट्कन दाणा टिपून निघूनही गेली.

सुभद्राबाईंनी ते पाहिलं. त्यांना राहवेना:

*गाडी गेली वळणाला, धूर राहिला दाराला*
*तांदळाचा एक दाणा कोंबडीच्या नशिबाला*

"आणि लग्नात तिला पहिली पंगत!" योगिता म्हणाली, आणि चहातली साखर चमचाभर कमी करायची हे आईला सांगायला आत पळाली.